मुंबईतून घाटवाटा सायकलने : लोकलने कुठे उतरायचं, कुठला गिअर लावायचा, कुठे काय बिघडतं

मालडबा

घाट चढायचा म्हणून पहाटे साडेतीनला घर सोडायचं आणि ठाणं ओलांडेपर्यंत निम्मा दम डंपरच्या धुरात घालवायचा, हा उद्योग बंद व्हावा म्हणून हा धागा. अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, सगळीकडे सायकलला बंदी. उरतात वाशीचा पूल, ऐरोलीचा पूल आणि ठाण्यातून कळवा किंवा कशेळी. हे टप्पे सायकलने कापण्यात ना मजा ना व्यायाम.

त्यापेक्षा लोकल पकडा. सीएसएमटीपासून कर्जत सुमारे १०० किमी, खोपोली ११५, कसारा १२०. तिन्ही स्टेशनं घाटाच्या पायथ्याला आहेत. पहिल्या-दुसऱ्या गाडीचा मालडबा, सायकलचं लगेज तिकीट, शक्यतो रविवार. गर्दीच्या वेळी चढू नका. त्या डब्यावर पहिला हक्क भाजीवाल्यांचा आणि कोळणींचा आहे, आपण पाहुणे.

डब्यात सायकल उजव्या कुशीवर कधीही आडवी टाकू नका. त्या बाजूला मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, असतो आणि तो फ्रेमला धरून ठेवणारा हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे धक्का बसला तर फ्रेमऐवजी तो वाकावा. एक पाटी आदळली की तो तीन-चार मिलिमीटर आत जातो, आणि सपाटीवर पत्ताही लागत नाही. घाट लागला, सगळ्यात मोठ्या दात्यावर, म्हणजे मागच्या दातेरी चकतीवर, चेन टाकली, की डिरेलर स्पोक्समध्ये. चाक, डिरेलर, कधी फ्रेमसुद्धा, सगळं एका पेडलात. म्हणून फलाटावर उतरल्यावर मागचं चाक उचला, हाताने पेडल फिरवत सगळ्यात हलक्या गिअरवर जा आणि मागून बघा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं दात्याच्या सरळ रेषेत हवीत आणि स्पोक्सपासून निदान चार-पाच मिलिमीटर लांब. टिकटिक आवाज आला तर तो गिअर त्या दिवसापुरता विसरा. सुटा हँगर खिशात ठेवा, पण आपल्याच फ्रेमचा. त्याचे शेकडो आकार आहेत, दुसऱ्याचा बसत नाही.

सुरुवातीला माझी शिफारस कर्जत–कशेळे–म्हसा–मुरबाड. पंचेचाळीस-पन्नास किमी, उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत सतत सोबत. भीमाशंकरची रांग, मग सिद्धगड, पुढे गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. मोठा घाट नाही, पण रस्ता एकसारखा वर-खाली होतो. मुरबाडहून कल्याण तीसेक किमी, वाहतूक बरीच. त्याऐवजी बारवी धरणाच्या जंगलातून बदलापूर गाठा. अंतर तेवढंच, सावली भरपूर. त्या वाटेवर दुकानं फार नाहीत, पाणी मुरबाडलाच भरा.

बाकीच्यांनी आपापल्या वाटा टाका. नुसती नावं नकोत.

घाटमाथा

छान धागा, वाचनखूण साठवली.

कसाऱ्याची वाट माझ्याकडून. नाशिक महामार्गाने इगतपुरीपर्यंत थळघाट चढणं ही एक गोष्ट, पण खरी सायकलची वाट घाटात थोडं चढून डावीकडे फुटते, जव्हार फाट्याला. विहीगाव, खोडाळा, मोखाडा, जव्हार. कसाऱ्याहून जव्हार सत्तरेक किमी. या वाटेला एक मोठा घाट नाही, एकापाठोपाठ एक दऱ्या आहेत. उतरून ओढा, चढून माळ, पुन्हा उतरून ओढा. नकाशावर उंची फारशी वाढलेली दिसत नाही म्हणून लोक फसतात. शेवटची उंची बघू नका, एकूण चढ बघा. कुठल्याही रूट-प्लॅनरमध्ये तो वेगळा आकडा असतो. एकूण चढ मीटरमध्ये भागिले अंतर किमीमध्ये : उत्तर १०च्या आत आलं तर सोपी वाट, १५च्या पुढे गेलं तर दिवसभराचं काम. शंभर किमीला १५०० मीटर चढ असेल तर सपाटीवरच्या वेळेत निदान दोन तास वाढवून धरा.

जव्हारला मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी विक्रमगड-मनोरमार्गे पालघर सुमारे सत्तर किमी, बहुतेक उताराकडे, आणि तिथून पश्चिम रेल्वे. एकाच दिवसात सगळं करायचं तर १४० किमी होतात. नवख्यांनी नको.

कसारा ते खोडाळा या टप्प्यात मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

एकटी_चाकोरी

माहितीपूर्ण. एक शंका. बाजारात मिळते तशी रोड बाइक, पुढे ५०/३४, मागे ११-२८ दाते. हे घाटाला पुरेल का? दुकानदार म्हणतो पाय कमव.

दातेरी

दुकानदाराला नम्र नमस्कार. पाय कमवण्याबद्दल वाद नाही, पण आधी हिशेब करू.

पुढे ३४ आणि मागे २८ म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या १.२१ फेऱ्या. २८ मिमी टायरचा परीघ २.१३ मीटरच्या आसपास. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, आणि घाटात त्याखाली गेलं की गुडघे बोलायला लागतात, तर वेग ९.३ किमी. माणूस, सायकल, पाणी, सामान मिळून ८५ किलो धरा. आठ टक्के चढावर हा वेग टिकवायला १९० वॅटच्या आसपास लागतात. मागे ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाका : गुणोत्तर १, त्याच ६० फेऱ्यांना वेग ७.७ किमी आणि ताकद सुमारे १५५ वॅट. मुंबईच्या दमट हवेत तासभर १९० वॅट काढणारा माणूस हा प्रश्न विचारत नाही. बाकीच्या आपल्यासाठी ११-३४.

आता बदलताना काय बघायचं. मागच्या डिरेलरची क्षमता. उदाहरणार्थ शिमानो १०५ आर७००० : आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे दोन छोटी चाकं धरणारा भाग) असेल तर ३० दात्यांपर्यंतच, लांब पिंजऱ्याचा असेल तर ३४. मॉडेल क्रमांकापुढे एसएस असेल तर आखूड, जीएस असेल तर लांब. आखूड असेल तर कॅसेटसोबत डिरेलरही बदलावा लागेल, हा खर्च आधीच धरा.

कॅसेट बदलली की जुनी चेन बहुधा तोकडी पडते. चेन डिरेलरमधून न ओवता, पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या दात्यावरून गुंडाळा. दोन टोकं जिथे भेटतात त्यापुढे दोन कड्या, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची, जास्त ठेवून कापा. तोकडी चेन ठेवली आणि चुकून मोठा-मोठा गिअर पडला तर डिरेलर ताणून तुटतो. शेवटी बी-स्क्रू, म्हणजे डिरेलर आणि दात्यांमधलं अंतर ठरवणारा स्क्रू. वरचं छोटं चाक मोठ्या दात्याला घासत असेल तर तो स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. फार आवळला तर गिअर आळशी होतात.

पाय_कमवा

मीच तो दुकानदार नव्हे, पण त्याची बाजू घेतो. गिअर हलका मिळाला की माणूस कायम हलक्यावरच बसतो. ठाण्याच्या येऊरचा चढ आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार फेऱ्या : पहिल्या दोन बसून, तिसरी एक गिअर जड ठेवून, चौथी पुन्हा हलकी. दोन महिन्यांत फरक दिसतो. ११-३४ मध्ये दोन दात्यांमधलं अंतर मोठं असतं, त्यामुळे सपाटीवर वाऱ्याविरुद्ध हवा तो गिअर कधीच सापडत नाही, हेही लिहा ना.

दातेरी

लिहितो. दात्यांमधलं अंतर मोठं असतं, मान्य. सपाटीवर त्रास होतो, तेही मान्य. आता नेरळ-माथेरान रस्त्यावर या, मग बोलू.

वळणावळणाने

माथेरानचा विषय निघालाच आहे तर. नेरळहून दस्तुरी नाका आठ-साडेआठ किमी, उंची साडेसहाशे-सातशे मीटर, म्हणजे सरासरी आठ टक्के. १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी तोच डोंगर चढायला २१ किमी घेते आणि तिचा कमाल चढ वीसास एक, म्हणजे पाच टक्के. रेल्वेने जे अंतर पसरून चढलं ते रस्त्याने निम्म्याहून कमीत उरकलंय. सरासरी आठ असली तरी वळणांवर पंधराच्या वर जातो. तिथे ३४/३४ गिअरवर, ५० फेऱ्यांनीसुद्धा, सव्वादोनशे वॅट लागतात. तेव्हा वरच्या दोघांचंही बरोबर.

डावीकडच्या हेअरपिन वळणावर आतली कड सगळ्यात उभी असते. मागे गाडी नसेल तर आपल्या लेनच्या मध्यावरून घ्या, पाच-सहा मीटर जास्त चालतं पण चढ निम्म्यावर येतो. उजव्या वळणावर मात्र डावी बाजू सोडू नका, वरून टॅक्सी येतात. दस्तुरीच्या पुढे वाहनबंदी, सायकलचा शेवट तिथेच समजा.

उतरताना खरी परीक्षा. ८५ किलो ७०० मीटरवरून खाली आणायचे म्हणजे सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. एवढ्यात तीस अंशांचं दोन लिटर पाणी उकळीला येतं. वळणं इतकी जवळ आहेत की वेग धरताच येत नाही, म्हणून वारा फारसं काही खात नाही, जवळपास सगळं ब्रेकवर येतं. सतत दाबून धरला तर रिम-ब्रेकवाल्यांची रिम (ब्रेक जिला दाबतो ती चाकाची कड) इतकी तापते की ट्यूबचं ठिगळ सुटतं. कार्बन रिम असेल तर या रस्त्यावर आणूच नका. वळणाआधी सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक जोरात, वेग पडला की पूर्ण सोडायचे, वळणात हात लावायचा नाही. मध्ये एकदा थांबून पाच मिनिटं गार होऊ द्या. डिस्कवाल्यांनी निघण्यापूर्वी पॅड बघावेत. पत्र्यावरचा थर अर्धा मिलिमीटर उरला असेल तर बदला. गरम रोटरला (डिस्क ब्रेकच्या चकतीला) बोट लावून बघण्याचा मोह होतो, आवरा.

ट्यूबलेस_तात्या

सगळे चढावर बोलताय, राइड बुडते ती पंक्चरमुळे.

महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरमधले तारेचे तुकडे पडलेले असतात, केसाएवढे बारीक. टायरमध्ये घुसतात, ट्यूबला भोक पाडतात आणि तिथेच राहतात. नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस किंवा रुमाल फिरवा, तार असेल तिथे अडकतो. बोटाने चाचपू नका, बोट फाटतं. तार बाहेरून ओढून निघत नाही, छोटा चिमटा ठेवा.

हवा : ७५ किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये ७५-८० पीएसआय, ३२ मिमीत ६०-६५. मागे चार-पाच जास्त. शंभर-एकशेवीस भरायची जुनी सवय सोडा. आपल्या रस्त्यांवर कडक टायर वेग देत नाही, नुसता उडतो. फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ती दिसली की समजा हवा कमी होती, काटा शोधत बसू नका.

आणि छोटा पितळी अडॅप्टर. रोड बाइकच्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, मुरबाडच्या किंवा खोडाळ्याच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा. पितळी अडॅप्टर प्रेस्टावर फिरवून बसवायचा, आधी वरचं छोटं नट सैल करायला विसरायचं नाही. मग कुठल्याही गावात हवा मिळते. पण पंक्चरवाल्याला हवा ‘टच’ करून द्यायला सांगा, म्हणजे नळी एक सेकंद लावून काढायची, बोटाने दाबून बघायचं, पुन्हा लावायची. त्याचा कॉम्प्रेसर ट्रकचं टायर भरण्यासाठी आहे. सायकलची ट्यूब तो दोन सेकंदांत फोडतो, आवाज मात्र लवंगी फटाक्याएवढा.

टायरची बाजू चिरली तर नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही, ती चिरेतून फुगा काढते. जुन्या टायरचा चार सेंटिमीटरचा तुकडा आतून लावा. दोन ट्यूब, सहा ठिगळं, दोन टायर-लिव्हर, पंप, चेन तोडायचं हत्यार, एक मास्टर-लिंक (चेन जोडायची सुटी कडी), ४-५-६ ॲलन की. एवढं सीटखालच्या पिशवीत बसतं.

खंडाळ्याची_हवा

खोपोलीचं कुणी लिहिलं नाही. खोपोली स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत चढ. जुन्या महामार्गाने शिंगरोबाच्या देवळावरून वर. बोरघाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर तो हा, अशी कथा. गाडीवाले आजही नाणं टाकून पुढे जातात. चढ माथेरानएवढा उभा नाही, पण वरच्या टप्प्यात जुना रस्ता काही अंतर द्रुतगती मार्गाला मिळतो (एरवी तिथे बंदी, पण तेवढ्या पट्ट्यात जुन्या रस्त्याला दुसरी वाट नाही), आणि तिथे सायकलवाल्याच्या खांद्याला खांदा लावून कंटेनर जातात. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला तो याच भागात. म्हणून सकाळी आठच्या आत वर पोहोचायचं, मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवायचा, दोघांनी शेजारी-शेजारी चालवायचं नाही. धुकं असेल तर वर जाऊच नका, ब्लिंकर दहा मीटरवर विरतो.

पाय_कमवा

धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, होण्याआधी पावसाळ्याबद्दल कुणीतरी लिहा. सगळे ‘घाट’ म्हटलं की जुलैतच निघतात.

मालडबा

पावसाळ्यात माळशेज सायकलने नको, हे आधीच स्पष्ट. कल्याण–मुरबाड–सरळगाव–टोकावडे करत पायथा येईपर्यंत सत्तरेक किमी होतात, पुढे घाट, आणि वर रेल्वे नाही, म्हणजे तेवढंच परत. त्यात दरड. दगड सुटतो तेव्हा मोटारीला पत्रा असतो, आपल्याला थर्मोकोलची टोपी. तो रस्ता नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. वर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी तेव्हाच बघण्यासारखं असतं.

कर्जत-मुरबाड मात्र पावसात सुंदर, दोन गोष्टी सांभाळून. लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर शेतातून थेट रस्त्यावर चढतात आणि वळणावर चिकणमातीचा थर टाकतात. ओला असताना तो डांबरासारखाच दिसतो. शेताला रस्ता जोडणारी ढेकळं दिसली की पुढचं वळण चालायच्या वेगाने घ्या. दुसरी, रिम-ब्रेकच्या पॅडमध्ये अडकणारी वाळू. करकर आवाज आला की थांबा, पॅड काढायची गरज नाही, टाचणीने खडा उकरा. तसंच रेटलं तर शंभर किमीत रिमवर चरे पडतात.

घरी आल्यावर आधी चेन. पाण्याने धुऊन तशीच उभी केली तर सकाळी तांबडी. कोरड्या फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब वेट ल्यूब (पावसाळी हवेसाठीचं चेनचं तेल), दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर माती गोळा करतं. जेवढी चकचकीत चेन तेवढं कमी तेल. हे लोकांना पटत नाही.

सरबतवाली

ऑक्टोबर हीट राहिलीच. सकाळी नऊनंतर घाटात तासाला पाऊण लिटर पाणी, नुसतं नाही, मीठ घालून. एक लिटरची ओआरएस पुडी पूर्ण एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ढवळली तर पोटात ढवळतं. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, डोक्यावर ओतायलाही तेच. खाणं तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकांच्या हिशेबाने : दोन मध्यम केळी, किंवा एक केळं आणि चिक्कीचे दोन तुकडे. भूक लागेपर्यंत थांबू नका, पहिल्या पाऊण तासात सुरू करा. कसाऱ्याचा वडापाव घाट उतरल्यावर. चढण्याआधी खाल्लात तर तो तुमच्यासोबत दोनदा घाट चढतो.

एकटी_चाकोरी

सगळ्यांचे आभार, ११-३४ बघते. पहिल्यांदा सोपं काही, घाट नको पण चढउतार हवेत, आणि लोकलही नको?

खंडाळ्याची_हवा

मग भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. सायकलचं तिकीट काढून मांडव्याला तासाभरात. तिथून अलिबाग वीस किमी, पुढे रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड, एकूण सत्तरेक किमी. किनारा म्हणजे सपाट, हा गैरसमज. प्रत्येक गावाच्या मध्ये एक टेकाड आहे, शंभर मीटरच्या आतलं, पण दहा-बारा वेळा. पूल अरुंद, बस मागे असेल तर आधी तिला जाऊ द्या. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, म्हणून जाताना डोंगराच्या आडोशाने आणि परतीला लवकर. रविवारी अकरानंतर मोटारींची रांग लागते, तेव्हा शनिवारीच जा.

दातेरी

नोव्हेंबरात गेलात तर एक लक्षात ठेवा. भातकापणीनंतर काही गावांत पेंढा आणि नाचणीची कणसं रस्त्यावरच पसरतात, गाड्यांच्या चाकांनी मळणी होते म्हणून. वरून सायकल घातली की लांब काडी मागच्या छोट्या चाकात गुंडाळते, चेन उतरते. पेडल मारत राहिलं तर डिरेलर पुन्हा स्पोक्सकडे. पेंढा दिसला की पेडल थांबवून घरंगळत पार करा, नाहीतर उतरून उचलून न्या. अडकलाच तर चेन उलटी फिरवून काडी मोकळी करा, ओढू नका. आणि शेतकऱ्याला आवाज देऊन जा, त्याचं वर्षभराचं धान्य आहे ते.

ट्यूबलेस_तात्या

त्याच पेंढ्यात बाभळीचे काटे असतात, हे राहिलं. पार केल्यावर थांबून दोन्ही टायरवरून हात फिरवा, हातमोजा घालून. काटा अर्धाच घुसला असेल तर तेव्हाच निघतो. दोन किमी पुढे गेलात तर ट्यूबमध्ये.